सेगावा आजोबा टीव्हीत खेळायला येतात त्याची हकीकत

ती. फुसाएताईस, धाकट्या तोमिएचा वाकून नमस्कार. (फार वाकवत नाही, कंबर धरलीय, कारण पुढे येईलच.) तुमच्या अकितात उकाडा बेताचा आहे ना? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इथे तोक्योत भिंतींनाही घाम फुटलाय.

यंदाच्या उन्हाळी बोनसातून आमच्या ह्यांनी काय आणावं? पंखा? छे! टीव्हीवर टेनिस खेळायचा डबा! मी तोंडाचा पट्टा सोडला तो जेवण होईपर्यंत. पण ताई, ह्यांनी डबा चटईवर ठेवला, त्याची एरियलची काडी वर ओढली, टीव्ही रिकाम्या चॅनेलवर लावला आणि पडद्यावर मधोमध रेघ, दोन फळ्या आणि एक पांढराशुभ्र चेंडू! डब्यापासून टीव्हीपर्यंत तार नाही की दोरा नाही. मी मधल्या हवेत हात फिरवून पाहिला. चित्र माझ्या बोटांतून गेलं असणार आणि मला पत्ताच नाही! मी आपले हात जोडले. ("अगं, यंत्र आहे ते," हे म्हणाले. असेल! म्हणून काय हात जोडायचे नाहीत?) मग डावं बटण माझं, उजवं ह्यांचं, आणि हरणं रोज माझं. (चटईवर वाकून वाकून कंबर धरली ती अशी.)

आता हवेतून जाणाऱ्या चित्राला भिंत कुठली अडवते? त्यात आमच्या भिंती तुला ठाऊकच आहेत. पलीकडे उचकी लागली तर इकडे पाणी प्यावं. पलीकडे सेगावा आजी राहतात. आजोबा यंदाच्या वसंतात गेले, म्हणजे पितर घरी येतात तो हा त्यांचा पहिलाच ओबोन. आजींनी तेव्हापासून जेवण टाकल्यासारखंच होतं. पितरांना बोलावायला त्यांनी दारात अग्नी पेटवला, आणि दुसऱ्या दिवशी पीचची ताटली घेऊन ही बाई हसत आमच्या दारात! "आले हो हे! टीव्हीत आलेत. कारखान्याच्या संघात पिंगपाँग खेळायचे ना, तसेच खेळतायत, डावीकडून. पण फार हरतायत गं. असे कधी हरायचे नाहीत."

गेले बघायला. टीव्हीपुढे भात, उदबत्ती, आजोबांना यायला काकडीचा घोडा, परत जायला वांग्याची गाय, दोघांनाही काड्यांचे पाय. आणि पडद्यावर आमचाच चेंडू! (हे घरी एकटेच सराव करत बसले होते.) आजींनी माझ्यादेखत वाटीभर भात खाल्ला. आता खरं कुठल्या तोंडाने सांगायचं? घरी येऊन सांगितलं, तर हे माफी मागायला मिठाईचा खोका घेऊन निघाले. मी खोका काढून घेतला आणि ह्यांना हरायला बसवलं. तर म्हणतात कसे, "बोनस माझा, आणि हरायचंही मीच?" हरले शेवटी कुरकुरत. भिंतीपलीकडून आजींच्या टाळ्या ऐकू आल्या. ताई, बटण माझ्या बोटांत होतं, पण खेळत मीच होते याची मला खात्री वाटेना.

पितरांच्या निरोपाच्या दिवशी आजी पुन्हा दारात. "आज यांनी हरायला हवं बाई. जिंकत राहिले तर उठायचं नाव घेणार नाहीत, मी ओळखते ना." झालं, मी हरायला बसले. जन्मभर न सांगता हरणारी मी, पण त्या दिवशी हात मागे येईना. चेंडू आला, मी जाऊ दिला, आणि भोकाड पसरलं. ह्यांनी डबा बंद केला. पलीकडे दारात आजींनी निरोपाचा अग्नी पेटवला.

भावोजींना नमस्कार, पोरांच्या पाठीवर एकेक थाप. पत्राचं हसू कर, पण त्यांच्यासमोर वाचू नकोस.

तुझी तोमिए

ता. क. आज आजींची ताटली परत द्यायला गेले. (रिकामी कशी देणार? मिठाईचा खोका कामी आला.) ताटली घेता घेता म्हणाल्या, "तोमिए, डावा हात बराच सुधारला हो तुझा." त्यांना कधीपासून ठाऊक होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आणखी एक. आमचा ओबोन जुलैत उरकला, तुमचा ऑगस्टात. मी डबा घेऊन येतेय. बाबा गेले तेव्हा तू उशाशी होतीस आणि मी आगगाडीत, हे मला अजून गिळवत नाही. तेव्हा टीव्ही त्यांच्या तसबिरीजवळ सरकवून ठेव, आणि भावोजींना काय सांगायचं ते तूच सांग. बाबांचं बटण तू धर. मी त्यांच्यासमोर बसते.