अकराची भाकरी

उमरगा
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टी हिस,
सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

आज मला साप्ताहिक सुट्टी. सकाळी सहाला उठलो. चहा केला. अंगण झाडलं, ड्युटीचे कपडे धुऊन वाळत घातले, पेपर वाचला. प्रीतीची आई काल मुरूमला तिच्या बहिणीकडं, तारामतीकडं गेली आहे, उद्या येईल. घरात मी एकटाच आहे. म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेलं प्रीतीच्या सामानाचं खोकं मिळालं. आमच्याच आगाराच्या पुणे गाडीनं बजरंग ड्रायव्हर घेऊन आला. स्टँडवर दिलं असतं तरी चाललं असतं, पण तो घरापर्यंत आला आणि चहासुद्धा न घेता गेला. पुस्तकं, दोन स्वेटर, चष्म्याची डबी, चादर, सगळं नीट पोचलं. चादर तू धुऊन पाठवलीस. तुझ्या मनात चांगलंच होतं. पण तिच्या आईनं ती हुंगून बघितली आणि म्हणाली, "धुतली कशाला लेकरानं." तू वाईट वाटून घेऊ नकोस. आता तीच पांघरून झोपते.

प्रीती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला तुला परीक्षेमुळं येता आलं नाही, त्याचं काही मनात ठेवू नकोस. भंते आले होते. गल्लीतली, आगारातली माणसं आली. तिच्या शाळेचे सरही आले. जेवण सगळ्यांना पुरलं. ऑगस्टमध्ये तिच्या तापाचे ते तीन दिवस दवाखान्यात तुम्ही तिघी मैत्रिणींनी काढले. आम्ही पोचलो तेव्हा तू बाकावर बसल्या बसल्या झोपली होतीस. ते आम्ही दोघं विसरणार नाही.

मी कंडक्टरकीची पुण्याची ड्युटी बदलून घेतली. आता उमरगा-मुरूम फेऱ्या करतो. सकाळी शाळेची पोरं, दुपारी बाजाराची माणसं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, ती अशीच निघतील.

तुझ्या पत्रात शेवटी एक प्रश्न आहे. "काका, तुमची गाडी पुण्यात असली की प्रीती तुम्हाला रविवारी कॅफेत बोलवायची. तुम्ही एकदाही का आला नाहीत?" याचं उत्तर द्यायचं म्हणून मी दोनदा कागद घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

तुमच्या त्या रविवारच्या खाण्याबद्दल तिनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मी रागावलो होतो. शिकायला पाठवलंय का हॉटेलं हिंडायला, असं बोललो. मग तिनं समजावलं. रविवारी मेस बंद. सकाळी नाष्टा आणि दुपारी जेवण असं दोनदा बाहेर खाणं परवडत नाही. म्हणून तुम्ही चौघी अकरापर्यंत नुसत्या पाण्यावर राहायच्या आणि मग एकदाच पोटभर खायच्या. कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं की बारा वाजायच्या आत तिथं दर कमी.

"त्याला ब्रंच म्हणतात पप्पा. नाष्टाबी त्यातच आन् जेवणबी त्यातच."

"असतंय काय त्यात?"

"आम्लेट, भाजलेला पाव, बटाट्याच्या फोडी, मोठ्ठा कप कॉफी. पाव मागंल तेवढा देतेत. आमी लई मागतो."

"मंग ही तर आमची अकराची भाकरी झाली की गं."

फोनवर ती इतकी हसली की तिच्या आईनं आतून विचारलं, काय झालं. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. आमची गाडी रात्रभर चालून सकाळी सातला स्वारगेटला लागायची आणि दुपारी एकला परत निघायची. मधल्या वेळात थोडं पडायचं, अंघोळ करायची आणि अकराला डबा सोडायचा. तो नाष्टा नसतो आणि जेवणही नसतं. एकोणतीस वर्षं मी असंच खाल्लं. तिनं ते तुम्हाला सांगितलं, तुम्ही कॅफेच्या मालकाला सांगितलं आणि तो मला बघायचं म्हणत होता, असं तू लिहिलंस. हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर माझी गाडी रविवारी पुण्यात असली की दहाला तिचा फोन ठरलेला.

"पप्पा, या की. डबा घेऊनच या. मालक काय म्हणत न्हाय. आन् कपडे बदलू नका, ड्युटीच्या कपड्यातच या."

मी म्हणायचो, झोप झाली नाही. कधी म्हणायचो, तिकिटाचं मशीन बिघडलंय, ऑफिसात जायचंय. बजरंग स्वारगेटच्या विश्रांतीगृहात शेजारच्या खाटेवर पडून ऐकत असायचा.

"श्रीपती, जा की लेकराकडं. हितं बसून ढेकणं मोजतोस व्हय?"

"पोरींच्यात म्हाताऱ्याचं काय काम?"

"आरं, फुकट कॉफी पाजंल कुणीतरी. तू जात नसशील तर मी जातो. मलाच पप्पा म्हणंल ती."

मी त्याला आणि प्रीतीच्या आईला एकच सांगत आलो. ते काचेचं हॉटेल, चांगल्या कपड्यातल्या पोरी, त्यात मी धुळीनं भरलेल्या खाकीत जाऊन बसलो तर लेकराला खाली बघावं लागेल. हे सगळ्यांना पटायचं. माझं कौतुकही व्हायचं, की बाप किती समजूतदार आहे. पण ते पूर्ण खरं नव्हतं.

ती दहावीत असतानाची गोष्ट आहे. मुरूमला विज्ञान प्रदर्शन होतं. त्या दिवशी एक कंडक्टर आला नव्हता म्हणून मला पुण्याऐवजी मुरूमची फेरी दिली होती. शाळेच्या पोरी उमरग्यातून नेमक्या माझ्या गाडीत चढल्या. मी पास बघत बघत मागं गेलो. प्रीती खिडकीजवळ बसली होती. मी हसलो. तिनं पास पुढं केला आणि बाहेर बघत राहिली. शेजारच्या पोरीनं विचारलं, "तुझ्या ओळखीचे हायत का गं?" ती म्हणाली, "न्हाय."

मी पास बघितला. त्यावर तिचा फोटो, तिचं नाव, माझं नाव होतं. "बरोबर आहे," म्हणालो आणि पुढच्या सीटकडं गेलो.

घरी रात्री तिनं न सांगता माझे बूट पुसून ठेवले होते. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. पंधरा वर्षांची होती ती. त्या वयात पोरं असं करतात हे मला कळत होतं. रोज गाडीत दुसऱ्यांची पोरं बघतो, त्यांचं कधी मनावर घेतलं नाही. पण तो एक शब्द मी धरून ठेवला. ती बारावी झाली, पुण्याला गेली, दर फोनला "पप्पा, जेवलात का" विचारायची, तरी मी तो सोडला नाही. तिनं बोलावलं की मला मनातल्या मनात वाटायचं, आता आली का ओळख.

मी आलो नाही याचं कारण हे आहे. मला लाज नव्हती, रुसवा होता.

अजून एक राहिलं. मी एकदाही आलो नाही असं तू लिहिलंस. मी एकदा आलो होतो.

फेब्रुवारीतला रविवार होता. बजरंगनं त्या दिवशी माझा डबाच काढून घेतला. म्हणाला, "आज हितं भाकरी न्हाय, जा." मी खाकीतच सिटी बसनं आलो आणि पत्ता विचारत तुमच्या गल्लीत पोचलो. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा राहिलो. काचेतून तुम्ही चौघी दिसत होता. तुझ्या अंगात पिवळा ड्रेस होता. मधे दोनच ताटल्या होत्या आणि सगळ्यांचे हात त्यात. प्रीती शेवटच्या पावानं ताटली पुसून घेत होती. घरी कालवण संपल्यावर भाकरीनं पुसायची, अगदी तसंच. मला बरं वाटलं. रस्ता ओलांडायला मी एक पाऊल टाकलंही होतं.

तेवढ्यात तिनं फोन कानाला लावला आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

"पप्पा, कुठं हाव? आज तर या. मी थांबते."

मी तिच्याकडं बघत होतो. बघत बघत म्हणालो, "आज गाडी लवकर सोडायला लावली बाळ. निघालो आम्ही. हडपसर गेलं मागं."

"बरं," म्हणाली. "सावकाश जावा."

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. थोडा वेळ त्याच्याकडंच बघत होती. मग मान वर करून तुम्हाला काहीतरी म्हणाली आणि तुम्ही सगळ्या हसलात. तीही हसली. सृष्टी, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, प्रीतीच्या आईलाही नाही. तिचा चेहरा उतरला तेव्हा मला आत कुठंतरी समाधान झालं. आता कळलं का, असं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग मी परत फिरलो. स्वारगेटला येऊन बजरंगला सांगितलं, भेटलो, लई बोललो, कॉफी पाजली. तो आजही तेच धरून आहे. म्हणूनच खोकं देताना म्हणाला, "एकदा तरी जाऊन आलास, बरं झालं बाबा." त्याला काय सांगू?

तुझ्या पत्राचं दुसरं पान मी एकदाच वाचलं. प्रीतीनं ती पासची गोष्ट तुम्हाला त्या कॅफेतच सांगितली होती, रडली होती, आणि म्हणाली होती की पप्पा खाकीतच यायला पाहिजेत, मला सगळ्यांसमोर सांगायचंय हे माझे पप्पा आहेत. "ड्युटीच्या कपड्यातच या" याचा अर्थ मी एवढाच घेत होतो, की बाप उशीर करील, कपडे बदलत बसेल. ती एवढे रविवार मला काय देऊ करत होती ते मला तुझ्या पत्रातून कळलं. तिलाही तोंडानं बोलता आलं नाही. मलाही आलं नाही. बोलायची सवयच नाही आमच्या घरात.

तू लिहिलंस, काका, आता एखाद्या रविवारी या, आम्ही तिघी अजून जातो. तुझा भाव मला समजतो. पण आज तरी माझ्याच्यानं 'नाही' असंच लिहिलं जातंय. परत नाहीच म्हणतोय हे मलाही दिसतंय. आता आलो तर मी माझं मन हलकं करायला येईन. पोरींनो, ते तुमच्यावर कशाला टाकू?

एकच विचारतो. त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती तुम्हाला काय म्हणाली, ते तुला आठवतं का? पिवळा ड्रेस, दोन ताटल्या, फेब्रुवारी, एवढीच खूण माझ्याजवळ आहे. ती मला काही बोलली असली, रागानं बोलली असली, तरी जसंच्या तसं लिही. चांगलं करून लिहू नकोस. आणि नसेल आठवत तर तसंही कळव. तुमच्यासाठी तो इतर रविवारांसारखाच होता.

अभ्यास नीट कर. रविवारी अकरापर्यंत उपाशी राहत जाऊ नका, सकाळी निदान एखादं केळं खात जा. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

शेजारी पाण्याची मोटार लावल्याचा आवाज येतोय. नळाला पाणी आलेलं दिसतंय, चार दिवसांनी आलंय. घरात दुसरं कुणी नाही, जाऊन भरून घेतो.

तुझा काका,
श्रीपती सुरवसे
प्रीतीचे पप्पा