माडीवरचा बोडका बल्ब

क्लिटहाव्न, ३ नोव्हेंबर १९७४

ती. स्व. बोडिल आत्यास,
आसगरचा सा. न. वि. वि.

मी कॉलेज सोडलं. बाबांनी तुला एव्हाना कळवलं असेलच, आणि माझ्याहून चांगल्या शब्दांत. त्यांचं म्हणणं असं, की नाताळानंतर मी ऑरहूसच्या वर्गात दिसलो नाही तर त्यांच्या टेबलाशी माझी खुर्ची राहणार नाही. मी म्हणालो, खुर्ची फोडा आणि शेगडीत घाला. हे बोलायला नको होतं, ते स्टेशनवर पोचेपर्यंत कळलं होतं. पण तेवढ्यात गाडी आली.

कारण तुला ठाऊक आहे. राग्नहिल. ती उन्हाळ्यात इथे आपल्या वडिलांकडे परतली, तेव्हापासून ऑरहूसमध्ये मला एक पान वाचता आलेलं नाही. जानेवारीत तिला कोपनहेगनच्या हॉस्पिटलात नर्सची जागा मिळते आहे. मी म्हटलं, जाऊ नकोस, आपण इथेच घर करू. ती हसली नाही, की चिडली नाही. म्हणाली, चार भिंती भाड्याने घेतल्या की घर होतं असं तुला वाटतं का रे? अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी दुपारी मी नाताळाआधीच्या चार मेणबत्त्यांचं, हिरव्या फांद्यांचं कडं बांधायला येईन. तुझ्याकडे बसावंसं वाटलं तर बसेन. नाही वाटलं तर कोट काढायच्या आधीच परत फिरेन आणि कोपनहेगनला होकार कळवीन.

म्हणून मी घर घेतलंय. गावाच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून. इंगेबोर नावाची म्हातारी इथे राहायची, ती आता वृद्धाश्रमात गेली. जाताना आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सगळे दिवे घेऊन गेली, तेव्हा प्रत्येक छतातून नुसत्या वायरी लोंबतायत. मागे ठेवलाय फक्त एक, माडीवरच्या खिडकीत: शंभराचा बोडका बल्ब, शेड नाही, काही नाही. त्याला बटणसुद्धा नाही, रात्रंदिवस जळतो, आणि त्याचा पांढराफटक उजेड जिन्यावरून खाली सांडतो. मासळीच्या लिलावाला उभं राहिल्यासारखं वाटतं. घरमालक किल्ली देताना म्हणाला, वरचा तेवढा राहू द्या. एका बल्बसाठी जीव टाकणारा माणूस!

आत्या, दिवे पाठव. तुझ्या खोलीत शिरलं की माणूस आवाज खाली आणून बोलतो, तसं मला इथे करायचंय. कसं, ते सांग. तुझ्यावाचून माझ्या बाजूने कोणी नाही, तेव्हा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
आसगर


ओडेन्स, १० नोव्हेंबर

चि. आसगर यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

खुर्ची शेगडीत घाला म्हणालास? तुझा बाप माझ्याकडे दोन तास बसला होता, आणि त्यातला बहुतेक वेळ त्याने तू लहानपणी त्या खुर्चीला दातांनी पाडलेल्या खुणांबद्दल बोलण्यात घालवला. त्याला दोन ओळी लिही. बाकी मी काही म्हणत नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला शहाणपण शिकवणं म्हणजे ओल्या लाकडाला काडी लावणं.

आता दिव्यांचं. छताच्या मधोमध काही लावू नकोस. वरून पडणाऱ्या उजेडात माणसं आरोपीसारखी दिसतात. टेबलावरचा टांगता दिवा इतका खाली आणायचा, की ताटं उजळली पाहिजेत, पण समोरच्याचे डोळे शेडमागे लपता कामा नयेत. तू एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला कोणाला तरी बसव आणि मग दोरी बांध. खुर्चीजवळ एक दिवा, हाताच्या उंचीवर. लांबच्या कोपऱ्यात एक अगदी मंद, म्हणजे खोली संपते कुठे ते कळत नाही. सगळे पंचविसाचे. एक उजेड संपतो तिथे थोडा काळोख येऊ दे, मग दुसरा सुरू होऊ दे. त्या मधल्या काळोखातच ऊब असते. आणि एक दिवा खिडकीत ठेव. तो घरातल्यांसाठी नसतो, बाहेर वाटेवर असलेल्याचा असतो.

पार्सलात पितळी टेबलदिवा आहे, मी घडी घालून केलेली कागदी शेड आहे, आणि तुझ्या पणजीचा रॉकेलचा दिवा. तो पाहून नाक मुरडशील. मुरड, पण भरून ठेव.

आणि हे बघ, त्या बल्बचं मला काही पटत नाही. आपल्याकडची बाई घर सोडताना भिंतीतले खिळेसुद्धा उपसून नेते. ती एकच दिवा ठेवून जाते, तोही बटणाशिवाय? असा दिवा विसरून राहत नाही रे. त्याला हात लावण्यापूर्वी कोणाला तरी विचार. विचारल्याने तुझी उंची कमी होणार नाही.

पत्राची वाट पाहते. माया आहेच, ती मागायला लागत नाही.

तुझी आत्या,
बोडिल


क्लिटहाव्न, २९ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

उद्या येतेय ती. मी सकाळपासून तीनदा दाढी केली आहे.

पण आधी वाईट बातमी. परवा सहकारी दुकानात तिचे वडील भेटले, टॉर्किल. स्वतःची बोट आहे, बरोबर धाकटा मुलगा व्हिलाड्स असतो. मी आदराने टोपी काढली. त्यांनी माझ्या हातातल्या मेणबत्त्यांकडे पाहिलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, की काय हो दिवेवाले, बापाचं घर टिकवता आलं नाही आणि माझ्या पोरीला घर देणार? माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुमच्या घरात तिला उजेड मिळाला असता तर ती माझ्या दारात कशाला आली असती. त्यांनी तंबाखू उचलली, म्हणाले, मला तुला एक सांगायचं होतं, आता राहिलं. आणि चालते झाले. त्याच दुपारी बोट घेऊन गेलेत, शनिवारी अंधार पडायच्या सुमाराला परततील. राग्नहिलला हे सगळं दुकानातूनच कळलं. ती माझ्याशी बोलत नाही. फक्त निरोप पाठवलाय, की शब्द दिलाय म्हणून येईन, तुझ्यासाठी नाही.

तर आता सगळं उद्यावर आहे, आत्या. आणि घर, खरं सांगतो, तुला आवडेल. टेबलावरचा दिवा तू म्हणालीस तसा बांधला. समोर कोणाला बसवणार, मग पोस्टमनला बसवलं. त्याने कॉफी घेतली आणि डोळे दिसतात असा दाखला दिला. पितळी दिवा खुर्चीजवळ, तुझी कागदी शेड कोपऱ्यात. पणजीचा दिवा भरून ठेवलाय, पण पेटवलेला नाही. वास येतो.

एकच गोष्ट सगळ्याची माती करत होती: तो बल्ब. मी खाली तुझे मंद दिवे लावावेत आणि जिन्यावरून त्याने दात विचकावेत! आज दुपारी माडीवर जाऊन तो काढला. गरम होता, हातातून सुटला, फुटला. जाऊ दे. कोणाला तरी विचार म्हणालीस. म्हातारी लांब आहे, घरमालक चिक्कू आहे, टॉर्किलना विचारण्यापेक्षा माझी जीभ कापून टाकीन. आता खाली आलो तर खोली एकदम मऊ झाली आहे. सायीसारखी.

उद्या काय झालं ते लगेच लिहीन. तोवर माझ्यासाठी काहीतरी पुटपुट. लोभ वाढव, निदान उद्यापुरता.

तुझा,
आसगर


क्लिटहाव्न, शनिवार, संध्याकाळ

आत्या,

नमस्कारबिमस्कार नंतर. मी माडीवर आहे, पेन्सिलीने लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं. नुसता बसलो तर वेडा होईन.

ती आली. दारात उभी राहिली, कोट तसाच. मी एकेक दिवा लावला. तिने आधी मफलर सोडला, मग कोट खुंटीला अडकवला आणि टेबलाशी बसली. आत्या, बसली! फांद्या पुढ्यात ओढून कडं बांधू लागली. बाहेर गारठ्याचा पाऊस आणि काळोख उतरत होता. इतकं मऊ कसं केलंस रे, म्हणाली. आणि मी गाढव, मी ऐटीत सांगितलं, की माडीवरचा बल्ब काढून टाकला म्हणून.

तिच्या हातातली फांदी खाली पडली.

म्हणाली, धक्क्यावर एक दिवा आहे, खाली. आणि त्याच्या मागे, उंचावर, हा बल्ब. येणाऱ्या बोटीला दोन्ही एकावर एक दिसले की तेवढीच वाट खोल पाण्याची. जरा इकडेतिकडे झालं की पाण्याखाली वाळूची दांडी. इंगेबोर म्हातारीच्या नवऱ्याने तो लावला होता, तो वारल्यावरही तिने कधी विझू दिला नाही. गावात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तिला वाटलं, वडिलांनी मला सांगितलं असेल. ते तेच सांगायला दुकानात आले होते, आत्या. तेच.

दुकान शनिवारी दुपारीच बंद होतं. घरात सगळे पंचविसाचे. मी सगळे ओरबाडून वर आणले, शेडी उपटल्या. तुझी कागदाची फाटली, माफ कर. एकाच वायरीवर तिन्ही जोडले. क्षणभर उजेड झाला आणि फ्यूज उडाला. सगळं घर काळं. दुसरा फ्यूज नाही.

राग्नहिल बल्ब आणि फ्यूज मागायला शेतावरच्या घराकडे पळाली आहे, दोन्ही मिळालं नाही तर तिथून धक्क्यावर जाईल. जाताना म्हणाली, काहीही कर, पण या खिडकीत उजेड ठेव. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पणजीचा दिवा पेटवलाय. वात पूर्ण वर. मागे न्हाणीघरातला आरसा भिंतीवरून उखडून टेकवलाय. अ‍ॅडव्हेंटच्या चारही मेणबत्त्या, आणि घरातल्या बाकीच्या सगळ्या, चौकटीवर. आरशात त्या दुप्पट दिसतात. काच काजळी धरते, दर थोड्या वेळाने शर्टाने पुसतोय. बाहेर काही दिसत नाही. मघाशी इंजिनचा आवाज आल्यासारखा वाटला, आता नाही. परत आला. डावीकडून येतोय. डावीकडून यायला नको ना?

इंजिन थांबलं.


ओडेन्स, ३ डिसेंबर

आसगर,

हे काय पत्र झालं? पेन्सिलीचं पान माझ्या हातात आहे, त्यावर मेणाचा डाग आहे, आणि पुढे काही नाही. पाकीट तूच टाकलंस ना पोस्टात? मग जिवंत आहेस. बाकीचे?

तुझ्या बापाला वाचून दाखवलं. तो उठून खिडकीतला दिवा लावून आला. भर दुपारी.

आशीर्वाद, रागावणं, सगळं मागाहून. एक ओळ लिही. एकच.

आत्या


क्लिटहाव्न, ४ डिसेंबर

ती. बोडिलआत्या यांस,
राग्नहिलचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुम्हाला काय म्हणावं ते कळेना, आसगर आत्या म्हणतो, म्हणून मीही म्हटलं. त्याचा हात भाजलाय, काच पुसताना. म्हणून मी लिहिते. शनिवारचं पाकीट पोस्टमन घेऊन गेला. त्यात आपण आणखी काही लिहायला हवं होतं हे आसगरला काल आठवलं. असा माणूस आहे तुमचा.

सगळे घरी आहेत. व्हिलाड्सचं मनगट मोडलंय, बोटीचं सुकाणू वाकलंय.

बाबांना वरचा दिवा दिसेना, तेव्हा ते अंदाजाने वळले आणि बोट दांडीला घासली. त्यांनी इंजिन बंद केलं. अंधारात, पाऊस तोंडावर घेत, लाटेसरशी बोट वाळूवरून सुटायची वाट पाहत उभे राहिले. तेवढ्यात गावाच्या टोकाला पिवळा ठिपका दिसला. व्हिलाड्स म्हणाला, इंगेबोरच्या घराला आग लागली. बाबा म्हणाले, आग असेल तर असू दे, जागा तीच आहे. बोट सुटल्यावर त्यांनी तो ठिपका धक्क्याच्या दिव्यावर आणला आणि सरळ आत आले. धक्क्यावर मी शेतावरच्या घरातून आणलेला बल्ब हातात धरून उभी होते, नुसती. फ्यूज त्यांच्याकडेही नव्हता.

बाबा तडक आसगरच्या घरी निघाले. मी मागे धावले, कारण त्यांची मूठ मला दिसत होती. खाली सगळा काळोख, वायरी लोंबतायत, फरशीवर फाटलेल्या शेडी. ते जिना चढून गेले. आसगर आरशाशी गुडघ्यावर बसला होता, तोंड काजळीने काळं, हाताला फोड, आणि आम्ही आलेलं त्याला कळलंसुद्धा नाही. तो काच पुसत होता. बाबा म्हणाले, पुरे कर आता, सगळ्या बोटी आल्या. आसगरने वळून पाहिलं आणि लहान मुलासारखा रडला. बाबांना रडणारी माणसं आवडत नाहीत, म्हणून त्यांनी त्याला व्हिलाड्ससाठी पट्टी फाडायला लावली. नंतर जिन्याशी थांबून म्हणाले, की उभ्या जन्मात असल्या लोण्यासारख्या उजेडावर बोट आणली नव्हती. पुन्हा आणायची इच्छाही नाही.

माफ केलं असं ते म्हणालेले नाहीत. मीही नाही. सोमवारी मात्र ते शंभराचा बल्ब खिशातून घेऊन आले, स्वतः बसवला, आणि आसगरला म्हणाले, की दुकानात मी तुला सांगायला हवं होतं, तू कितीही शिंगं रोखलीस तरी. आसगरने त्याच्या बाबांना पत्र लिहिलंय. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. डाव्या हाताने लिहिलंय, तेव्हा थोडकंच असेल.

कोपनहेगनला मी अजून काही कळवलेलं नाही. काल संध्याकाळी पुन्हा जाऊन बसले होते, राहिलेलं कडं बांधायला. बल्बचा उजेड जिन्यावरून खाली येतो आणि टेबलावरच्या दिव्याची खरोखरच माती करतो. त्याचं ते म्हणणं खोटं नव्हतं. पण तो विझायचा नाही.

म्हणून एक मागते. जिन्याच्या तोंडाशी लावायला जाड लोकरी पडदा शिवून पाठवाल का? आतून तांबूस अस्तर असलं तर बरं. रुंदी सव्वा मीटर. उंची दोनच्या थोडी वर, फरशीला टेकेल अशी. फार नाजूक नको. रोज संध्याकाळी माडीवर बल्ब बघून यायला मलाच तो सरकवावा लागेल.

माझ्यावरही थोडी माया असू द्यावी.

आपली,
राग्नहिल