जिभेखालची गोळी

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईत ब्राऊन शुगर ओढत होतो. तुमच्या कानावर ते कुणी घातलं होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. त्यातून पुढे तिथल्याच एका व्यसनमुक्ती केंद्रातल्या गोळीनं मला बाहेर काढलं. जिभेखाली ठेवायची, नर्सबाईंसमोर. माणसात आलो, लग्न झालं, पोलादपूरला परत येऊन वडापची, गावोगावची माणसं भरून न्यायची जीप घेतली. पण इकडे आल्यावर केंद्राकडे फिरकलोच नाही. महाडमधला एकजण तीच गोळी चोरून विकायचा, त्याच्याकडून घेऊ लागलो. एकीच्या दोन झाल्या, मग किती ते बघायचंच सोडलं. बायकोला सांगायचो, पाठदुखीची आहे.

या हिवाळ्यात तो माणूस एकाएकी गायब झाला आणि गोळ्या संपल्या. जांभया थांबेनात, नाक गळतंय, भर उन्हातही अंगावर काटा. तरी मी जीप काढली. आंबेनळी घाटात एका वळणावर ब्रेकवरचा पाय असा थरथरायला लागला की तो माझा वाटेना. मागे लेकरू मांडीवर घेऊन माहेरी निघालेली बाई होती, तिच्या शेजारी कापडे गावची एक म्हातारी. कशीबशी जीप डोंगराच्या बाजूला लावली. आणि तुमची ती दुपार आठवली. मी लहान, तुम्ही चालवत होतात त्या यष्टीत बसलेला. तुमच्या डोक्यात ताप चढला म्हणून याच घाटात तुम्ही गाडी थांबवलीत, चाकांखाली दगड लावलेत. लोक नाही नाही ते बोलत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "शिव्या द्या, पण मी नाय चालवनार." तेव्हा मला तुमची लाज वाटली होती, आबा.

मी उतरून दगड शोधतो, हात घामानं निसटतात. लोक ओरडताहेत, वाईला लग्नाला पोचायचंय कुणाला. ओळखीच्या जीपवाल्याला फोन करून बोलावलं. तरी मनात येत होतं, एवढा घाट चढून टाकावा. म्हणून किल्ली काढून म्हातारीच्या हातात दिली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नका.

"दारू पिऊन आलायस काय रे?"

"दारू नाय, आजी. गोळीची सवय हाय."

ते मी पहिल्यांदा कुणापुढे तरी बोललो. तिनं किल्ली पदराला बांधली. दुसरी जीप आली, सगळे गेले. मी बायकोला फोन केला; म्हातारी मात्र ती येईपर्यंत माझ्याजवळ कठड्यावर बसून राहिली.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "पाठ दुखते म्हणालात, म्हणून रोज तेल चोळत होते मी." पुढे कितीतरी दिवस लागेल तेवढंच बोलायची. पण दुसऱ्या दिवशी महाडच्या सरकारी दवाखान्यात तीच घेऊन गेली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, एकदम बंद करा, हवं तर बांधून ठेवा. त्या म्हणाल्या, घाई केलीत तर पुन्हा ब्राऊन शुगरकडेच जाल. गोळी चालू राहील, पण डॉक्टर ठरवतील तेवढीच. त्यांनीच केंद्रात फोन लावला. आता औषध बायकोच्या ताब्यात असतं आणि जीप मेहुणा चालवतो. मला डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही. स्टँडवर लोक विचारतात, काय झालं. कधी सांगतो, कधी नाही.

सकाळी चहाआधी ती गोळी माझ्या तळहातावर ठेवते आणि समोर बसते. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, थुंकी गिळायची नाही. तेवढा वेळ मी डोळे मिटून तुमच्याशी बोलतो, आज कागदावर लिहिलं एवढंच. तिला वाटतं, मी देवाचं नाव घेतोय. परवा शेजारणीला कौतुकानं सांगत होती. मी तिचा समज तसाच राहू दिला.