दुसरा दाणा

लखनौ,
२३ जानेवारी १९८३

प्रिय चंद्रहास,

तुझा वाण-मान्यतेचा फॉर्म मिळाला, दोन स्मरणपत्रे मिळाली आणि परवा तारही आली. मी उत्तर दिले नाही याचा तू काय अर्थ लावला असशील ते ठाऊक आहे : पद्मिनी अजून जुने मनात धरून बसली आहे. तसे नाही. सहीच्या जागेवर एकच वाक्य छापले आहे, ‘मूळ रोप माझ्या देखरेखीखाली होते व त्याची गुणसूत्रे मी स्वतः मोजली आहेत.’ त्यातला शब्दही खोटा नाही, तरी मला सही करता येत नाही. दहा फेब्रुवारीला समिती बसेल आणि नंतर त्या रोपाचे बियाणे तुझ्या नावाने पाच केंद्रांवर पेरले जाईल, म्हणून आता क्रमाने सांगते.

सत्त्याहत्तरचा फेब्रुवारी आठव. दोन महिने शीतगृहात ठेवून तू कोबी फुलवला होतास. मी सरसोंच्या बंद कळ्या चिमट्याने उघडून पुंकेसर काढायची, तू कोबीचा पराग ठेवायचास आणि वर बटर पेपरची पिशवी टाचायचास. सहाशे बारा कळ्या झाल्या. आपले रामआसरे माळी पाण्याचा पाइप हातात घेऊन बघत राहायचे. “बिटिया, सरसों का ब्याह गोभी से? दहेज में तेल मिलेगा कि सब्ज़ी?” तू मान वर न करता म्हणायचास, “दोनों, चाचा, दोनों.” मार्चमध्ये त्या सहाशे बारांतून दोन दाणे हाती आले. एक तू ऑक्टोबरात पेरलास. दुसरा होमिओपॅथीच्या बाटलीत घालून मला दिलास आणि म्हणालास, तुझ्याकडे राहू दे, तू काही हरवत नाहीस. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

डिसेंबरात रोपाला चार पाने होती. गुणसूत्रे दुप्पट व्हावीत म्हणून तू शेंड्यावर कोल्चिसिनचा थेंब ठेवलास आणि तिसऱ्या दिवशी वर्ध्याहून वडील गेल्याची तार आली. जाताना कुंडी माझ्यावर सोपवलीस. पुढच्या रविवारी दुपारी ऊन लागावे म्हणून मी काचेचे झाकण काढून ठेवले आणि आईबरोबर अमीनाबादला लोकर घ्यायला गेले. आईला तीन दुकानांत एकच निळा रंग हवा होता. तिथून रिक्षा थेट घरी नेली. झाकणाची आठवण सकाळी दात घासताना झाली. धुक्यातून धावत पोहोचले तेव्हा रात्रीच्या थंडीने रोप काळे पडून मातीवर आडवे झाले होते.

शेजारच्या बाकावर परदेशातून आलेल्या गोभी सरसोंची रोपे होती. तिच्याविषयी तुला काय सांगायचे! ती कधीकाळी सरसों आणि कोबी यांच्यापासूनच झाली, आणि तू तीच इथे नव्याने घडवायला निघाला होतास. वय तेवढेच, पाने चारच. मी त्यातले एक उपटून तुझ्या कुंडीत लावले. कुंडीवरची चिठ्ठी तुझ्या अक्षरातली होती, ती तशीच राहू दिली.

तू आलास तेव्हा बॅग खाली न ठेवता आधी कुंडीपाशी गेलास. डोके भादरलेले, ओठ फुटलेले. वाकून बघितलेस आणि हसलास. ते हसू बघून मी आठवड्याने सांगू असे ठरवले. आठवड्याने तू मुळांची टोके गुणसूत्रे मोजायला दिलीस. सरसोंची वीस आणि कोबीची अठरा मिळून अडतीस हवी होती. गोभी सरसोंची अडतीसच असतात. मी अडतीस मोजली, अडतीस लिहिली. चुकीचा आकडा कुणीतरी कधीतरी पकडतो. हा पकडणारे कुणी नव्हते.

पुढचे तुला माहीत आहे, कारण तेवढे माहीत नाही. शोधनिबंधावरून माझे नाव काढ म्हटले ते विनयाने नव्हे. ऐंशीच्या मे महिन्यात अमीनाबादेत कुल्फी खाताना तू जे विचारलेस, त्याला मी नाही म्हटले आणि कारण विचारू नकोस असेही म्हटले. तू बशी खाली ठेवून म्हणालास, “तुझ्या मनाचा थांग सूक्ष्मदर्शकालाही लागायचा नाही.” मग दिल्लीची नोकरी घेतलीस. हो म्हणायचे तर आधी कुंडीचे सांगावे लागले असते, आणि न सांगता तुझ्या घरात राहणे मला जमले नसते. इतके साधे होते.

फॉर्म तसाच परत पाठवत आहे. वर लिहिलेले सगळे तारखांसह लिहून आज सकाळी संस्थेच्या संचालकांच्या हातात दिले आणि तुला यातले काही ठाऊक नव्हते हे पहिल्याच ओळीत लिहिले. माझे काय करायचे ते पुढच्या आठवड्यात ठरेल. पण या कबुलीसाठी एक तार पुरली असती. हे पत्र दुसऱ्या दाण्याबद्दल आहे. ऑक्टोबरात तुझा फॉर्म आला त्या दिवशी मी बाटली शीतपेटीतून काढली आणि दाणा पेरला. पाच वर्षांनी तो उगवेल असे मला वाटले नव्हते. नवव्या दिवशी उगवला. पाने ना पुरती सरसोंची, ना कोबीची, रामआसरे चाचा रोज येऊन, “लड़का किस पे गया?” म्हणून विचारतात. झाकण संध्याकाळी पाच वाजता मीच ठेवते आणि वहीत वेळ लिहिते. कोल्चिसिन लावलेले नाही, ते तुझे काम. काल मुळांच्या टोकांतली गुणसूत्रे मोजली : एकोणीस, दुप्पट होण्याआधीची निम्मी. दहा सरसोंची, नऊ कोबीची. तुझा संकर तेव्हाही खरा होता, चंद्रहास. आता कळ्या दिसू लागल्या आहेत, फुलण्याआधी ये. काचपट्ट्या तयार ठेवल्या आहेत. यावेळी माझ्या आकड्यावर विसंबू नकोस, स्वतः मोज.

तुझीच,
पद्मिनी