चंद्रासाठी घेतलेलं माप

लेनिन्स्क,
१७ नोव्हेंबर १९७४

चि. झोया हिस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालाने नव्हे, माझ्या हाताखालच्या सावेलीच्या हाती धाडतो आहे. म्हणजे आपली पत्रं आपल्याआधी वाचणाऱ्या त्या अज्ञात सद्गृहस्थांना एक दिवस विश्रांती. वाचून झालं की चुलीत टाक.

इकडे क्षेम. माळावर थंडी उतरली, नळ गोठले. शेवटची कलिंगडं मीठ घालून पिंपात मुरत ठेवली आहेत. एक पिंप तुझ्या नावाचं. लेनिनग्राडला दोन वर्षं संस्कृत घोकून तुझा भाऊ अंतराळवीरांच्या पाठीचे प्लास्टरचे साचे काढतो, हा विनोद आता शिळा झाला. तुझा नवरा रोद्या मात्र मला अजून पंडितच म्हणतो.

तू विचारलं आहेस, "दादा, चंद्रावरचं उड्डाण पुढे ढकललंय एवढंच ना? रोद्या अजून रोज सकाळी अंगणात पळतो. मी त्याला काय सांगू?"

ढकललं नाही, झोया. मोडलं. अमेरिकन तिथे उतरून पाच वर्षं झाली. दुसरा क्रमांक आपल्या राष्ट्राला शोभत नाही, म्हणून वरून असं ठरलं की आपण शर्यतीत नव्हतोच. अभाव हाही एक पदार्थ आहे हे वैशेषिकांचं म्हणणं वाचून मला पूर्वी हसू यायचं. आता आमच्या कोठारात तेवढाच पदार्थ शिल्लक आहे. रॉकेटं कापली. एका टाकीचं अर्धगोल झाकण डुकरांच्या खोपटावर छप्पर म्हणून बसवलं. उत्तम बसलं. डुकरं समाधानी आहेत.

रोद्या तुला सांगून निघाला तसा आरोग्यधामात गेला नव्हता. तो इथे आला होता.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. मध्ये कलिंगडं आली.

उड्डाणाला निवडलेल्या माणसाला आम्ही ओल्या प्लास्टरमध्ये बसवून त्याच्या पाठीचं माप घेतो. त्यावरून होणारं आसन त्या एकट्याचंच. पाठ आणि आसन यांच्यामध्ये बोट शिरता कामा नये, नाहीतर उतरताना मणका जातो. आता हुकूम आला की चंद्रासाठी केलेली सगळी आसनं फोडा. ज्याने केली, त्यानेच.

रोद्याच्या आसनावर मी हातोडा उचलला आणि हा दारात.

"थांब पंडित. एकदा बसून बघतो."

"बायकोला थापा मारून आसनाला भेटायला आलास?"

"तिला सगळं कळतं. ह्याला काहीच कळत नाही. म्हणून बरं वाटतं इथे."

कपडे उतरवून तो नुसत्या बंडीनिशी आसनात आडवा झाला, गुडघे छातीशी घेतले आणि छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तपास ना. काम विसरलास का?"

सवयीने मी पाठीमागे हात घातला. बोट नाही, झोया, अख्खा पंजा आत गेला.

"घट्ट आहे?"

"घट्ट आहे," मी म्हणालो.

तो मग उठला, माझ्या हातातून हातोडा घेतला. "दे, तुझा खांदा दुखतो." आसन त्याने स्वतःच फोडलं. नीट, बारीक तुकडे करून. पुढे कुणाला जोडता येऊ नयेत असे. नंतर केरसुणी मागितली.

तू लिहितेस तो पोटभर जेवतो. जेवत असेल, पण अंगावर कुठे दिसत नाही. एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवून बघ.

आज त्याला गाडीत बसवून देतो आहे. सावेलीला शेजारचाच बाक घ्यायला लावलं आहे, आणि डब्याच्या दाराशी त्याला एकट्याला उभं राहू देऊ नकोस म्हणून बजावलं आहे.

घरी आला की कुठे गेला होतास म्हणून विचारू नकोस. तो कुठेच गेला नव्हता. सरकारचंही तेच म्हणणं आहे.

अंगणात पळू दे त्याला. दार मात्र उघडं ठेव.

त्याचं माप घेणारा,
तुझा दादा
वेनिअमिन