घोडीचं पाचवं चाक

३ मार्च, सोमवार

"आता मी तुझ्या घोडीत बसणार नाही."

चहा ढवळत ढवळत हे म्हणाले. शांतपणे. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांचं ओरडणं संध्याकाळपर्यंत उतरतं, शांतपणे बोललेलं उतरत नाही.

झालं ते काल. धरणाच्या रस्त्यावर मागच्या चाकाखाली काहीतरी धारदार आलं आणि टायर बाजूने फाटला. माझ्या लाल घोडीला कंपनीने स्टेपनी दिलेलीच नाही. पळणाऱ्या गाडीला जास्तीचं वजन नको म्हणे! त्याऐवजी एक छोटा पंप आणि फेसाची बाटली. फेस आत सोडायचा, भोक बुजतं. खिळ्याचं बुजत असेल. इथे हाताची दोन बोटं जातील एवढं फाटलेलं. सगळा फेस रस्त्यावर आला. दाढीला बसल्यासारखी दिसत होती घोडी. मला हसू आलं. ह्यांना आलं नाही.

दोन तास उन्हात. ना झाड, ना दुकान, ना फोनला रेंज. ह्यांनी पिशवीतून छत्री काढली, मग दुसरी छत्री काढून मला दिली आणि दगडावर जाऊन बसले. शेवटी एक टेम्पोवाला थांबला, त्याने पुढे जाऊन क्रेन पाठवली. तोवर हे दगडावरून उठले नाहीत.

ह्यांचंही बरोबर आहे म्हणा. नाटकगृहात दिव्यांचं काम केलं जन्मभर. एक दिवा गेला की दुसरा हाताशी हवा, प्रेक्षकांना कळता कामा नये. तीच सवय अंगात मुरली. चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे तीन, खिशात शर्टाचं एक सुटं बटण. असा माणूस चारच चाकांच्या गाडीत इतके महिने बसला हेच नवल.

४ मार्च

गॅरेजवाल्याने नवा टायर बसवून दिला. घोडी परत दारात.

ह्यांना विचारलं, "आणि मी स्टेपनी आणली तर?"

पेपर खाली न घेता म्हणाले, "आण की. मग बसतो."

लेक आतून, "आई, मी साक्षीदार आहे बरं का!"

लेक महिन्याभरापासून इथेच आहे. जावई जहाजावर, तिला आठवा लागलाय. पाय सुजलेत, तोंड मात्र अखंड चालू.

इथे खरं लिहून ठेवते. मला त्या चाकाचं काही पडलेलं नाही, मला माझा रविवार परत हवाय. घरात हे बोलत नाहीत. "मीठ कमी", "बिल भरलं", "पंखा बंद कर", संपलं. पण घोडीत शेजारी बसले, समोर रस्ता आला, माझं लक्ष स्टिअरिंगवर गेलं की सुटतात. डोळे मिटून घेतात वेगाच्या भीतीने, आणि मिटल्या डोळ्यांनी बोलत राहतात. निवृत्तीच्या दिवशी सगळे गेल्यावर रिकाम्या रंगमंचावर एकच दिवा लावून तासभर बसले होते, हे मला धरणाच्या रस्त्यावर कळलं. इतकी वर्षं संसार केला, आणि कळलं कुठे, तर तिसऱ्या गिअरमध्ये.

७ मार्च

टायरवाल्याकडे गेले. आधी तो हसला. "ह्या गाडीला स्टेपनी? ताई, ही गाडी घेणारे लोक फोन करून दुसरी गाडी मागवतात."

म्हटलं, मी दातांच्या डॉक्टरांकडून जुनी घेतलीय. त्यांची कंबर धरली म्हणून त्यांनी विकली. माझ्याकडे दुसरी गाडी नाही, एक नवरा आहे, तो रुसलाय.

मग नीट सांगितलं त्याने. चाक गोल असलं म्हणून बसत नाही. बोल्टची पाच भोकं जुळायला हवीत. मधलं मोठं भोक जुळायला हवं. आणि हवा भरल्यावर उंची बाकीच्या चाकांएवढी हवी, नाहीतर गाडी एक पाय आखूड असल्यासारखी चालते आणि आतले गिअर खराब होतात. "दुकानात नाही मिळायचं. यार्डात बघा, मोडीत निघालेल्या गाड्यांचं."

मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, बाबा रे, मी दिवसभर दुसरं काय करते? आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. एकाच्या तोंडातली दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, केसभर उंच झाली तरी माणूस जेवत नाही. चाक काय नि कवळी काय, बसली पाहिजे.

९ मार्च, रविवार

हे घरी, मी घरी, घोडी घरी. रेडिओ एकटा बोलत होता.

१२ मार्च

मिळालं! लिहिताना हात काळे आहेत, पानाला डाग पडतायत, पडू देत.

मागचं चाक काढून मी पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला होता — पाच भोकं, मधलं भोक, सगळं. तो घेऊन यार्डात हिंडले. यार्डवाला भला माणूस, कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्या यार्डाला कळलं मला काय हवंय ते. पन्नासेक चाकांवर साचा ठेवून पाहिला असेल. शेवटी एक सापडलं. बारीक, काळं, तात्पुरतं वापरायचं चाक.

घरी येऊन मागे लावलं. अगदी फिट्ट बसलं.

हे बाहेर आले. चाकावरचं लिहिलेलं वाचलं — ताशी ऐंशीच्या वर नेऊ नये. चेहरा उजळला. "मग हेच कायमचं लावून टाक की."

डिकीच्या तोंडातून चाक आत जाईना, म्हणून मागच्या सीटवर ठेवलं आणि सीटबेल्ट लावला. लेक हसून हसून भिंतीला टेकली. "पाहुण्यांना पाणी विचारा!"

हे दोनदा गाडीभोवती फिरले. मग विचारलं, "पुढे लावून पाहिलंस?"

"पुढे कशाला? फाटला मागचा."

"दिवा काय सांगून जातो, कुठला जाणार ते?"

पुढे लावलं. बोल्ट आवळले. चाक फिरेना.

इतकी मी मापाची बाई, आणि मापं घेतली ती फक्त मागची. का, तर पंक्चर मागे झालं होतं! पुढचे ब्रेक मोठे असतात, त्यांना मिठी मारून बसलेला तो लाल ठोकळा — कॅलिपर — मागच्यापेक्षा दीडपट मोठा. चाकाची आतली बाजू त्याला घासत होती. स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

हे वळून आत गेले. जाता जाता म्हणाले, "त्या दिवशी आपण दोघंच होतो. लेक बरोबर असती तर?"

एवढंच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोठं हॉस्पिटल त्याच धरणाच्या रस्त्याला आहे. दोन तास त्या दगडावर बसून हे माझ्यावर चिडले नव्हते, लेकीचा हिशोब करत होते.

१४ मार्च

लॅबमधून निळा कागद आणला. कवळी कुठे उंच लागते ते बघायला रुग्णाला हा चावायला देतो, जिथे जास्त दाब पडतो तिथे निळा ठिपका उठतो. कॅलिपरवर ठेवला, चाक लावलं, काढलं. आतल्या बाजूला एकच ठिपका, वाटाण्याएवढा. एवढंसं घासलं की झालं!

टायरवाल्याकडे नेलं. त्याने चाक माझ्या हातातून काढूनच घेतलं. "ताई, हे दात नाहीत. घासलेलं चाक रस्त्यात तडकतं."

बरोबर आहे त्याचं. पण परत येताना मला रडू आलं. एका वाटाण्यावरून रविवार अडलाय.

१६ मार्च, रविवार

लेक म्हणाली, "आई, पुढचं पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे लावायचं आणि हे मागे. चालेल की." चालेल. गाडी दोनदा उचलायची, दोन चाकं काढायची. मी करीनही. पण ह्यांना सांगितलं तर म्हणतील, पुढचा दिवा गेला की आधी मागचा उतरवायचा, ही काय रीत झाली?

सांगितलं. हेच म्हणाले, शब्दाला शब्द.

१९ मार्च

यार्डवाल्याचा फोन. तो फोनवरही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो. "बाई! तुमच्याच कंपनीच्या मोठ्या जड गाडीची स्टेपनी आलीय! तिचे ब्रेक तुमच्यापेक्षा दांडगे!"

सुट्टी टाकून गेले. पुठ्ठा जुळला. पण एकदा तोंड पोळलेलं, म्हणून ह्या वेळी लॅबमधलं गुलाबी मेण बरोबर नेलं होतं. घोडीचं पुढचं चाक तिथेच काढलं, कॅलिपरवर मेणाच्या जाड गोळ्या चिकटवल्या, नवीन चाक लावून हाताने सावकाश फिरवलं. फिरलं. पूर्ण फिरलं. काढून पाहिलं तर मेण थोडं चपटं झालेलं, पण कुठेही आरपार गेलेलं नाही. चांगली बोटभर जागा सगळीकडे. मग दुसऱ्या बाजूला. मग मागे दोन्हीकडे. यार्डवाला स्टुलावर बसून बघत होता. म्हणाला, "बाई, चाक घेताय का स्थळ बघताय?"

मी तिथेच, त्या तेलकट मातीत, फतकल मारून बसले. सुटले एकदाची!

घरी आल्यावर ह्यांनी चपटं मेण हातात घेतलं, उजेडासमोर धरलं, चष्मा बदलून पुन्हा पाहिलं.

"चारही?"

"चारही."

"मग रविवारी किती वाजता?"

२३ मार्च, रविवार

गेलो. धरणापर्यंत आणि पुढेही. निघण्याआधी ह्यांनी चाकातली हवा तपासली, जॅक पाहिला, पाना पाहिला, दोन टॉर्च ठेवल्या. भर दुपारी.

चाक मागे, सीटबेल्ट लावून. ह्यांनी वळून दोनदा त्याच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि बोलायला लागले. लेक झाली तेव्हाचं सांगत होते. मला आत घेऊन गेले आणि हे बाहेर, तेव्हा कॉरिडॉरमधला दिवा लुकलुकत होता. ह्यांनी बाकावर चढून तो नीट केला, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं. शिपाई ओरडला, हे उतरले नाहीत. मला हे कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, का नाही सांगितलंत? म्हणाले, "तू विचारलं नाहीस कुठला दिवा गेला होता ते."

घरी आल्यावर लेकीने विचारलं, काय बोललात एवढं? दोघांनीही सांगितलं नाही. फार बरं वाटतंय. किती दिवसांनी असं हलकं हलकं वाटतंय.

२६ मार्च

हे रोज सकाळी चाकाची हवा बघतात. आज नाटकगृहाच्या जुन्या मखमली पडद्याचा तुकडा शिवून त्याला खोळ घातली. घोडीपेक्षा तिच्या पाचव्या चाकाचे लाड जास्त!

३१ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय. नात झाली. दिवस भरायच्या आधी आली, पण दोघी सुखरूप. लेक आत झोपलीय.

सकाळी तिला एकदम कळा. ॲम्ब्युलन्स पाऊण तास म्हणाली. घोडीची पुढची सीट मागे पाडून लेकीला आडवं केलं. हे कुठे बसणार? माझ्या मागे, तर तिथे चाक. मी म्हणणार होते, तुम्ही रिक्षाने या. तेवढ्यात ह्यांनीच पट्टा सोडला, चाक खोळीसकट बाहेर काढून अंगणात ढकललं आणि गुडघे हनुवटीला लावून त्याच्या जागी बसले.

"अहो, स्टेपनी?"

"राहू दे. चल तू."

धरणाच्या रस्त्याला लागलो. आरशात पाहिलं तर ह्यांचे डोळे टक्क उघडे. पुढे वाकून, लेकीचा हात धरून, मला म्हणाले,

"अगं, ही अजून जोरात जाते ना?"

"जाते," म्हटलं.

"मग जाऊ दे."