सत्तेचाळीस नंबरचा बदल

पुएर्तो सान्ता एलेना,
रविवार, ९ जून

प्रिय निमिया,

तू खुशाल आहेस असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोनवर माझं तोंड बंद केलंस म्हणून हा कागद.

आधी एवढं वाच: घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या वडिलांची तब्येत चांगली आहे. फक्त शुक्रवारपासून ते कामावर जात नाहीत, कंपनीने चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. घरून तुला कळलं असेल किंवा एकदोन दिवसांत कळेल. त्यात माझा हात आहे. तो किती आणि कसा, हे दुसऱ्या कुणी रंगवून सांगण्याआधी मला सांगायचंय. सांगतो, पण जरा दम धर, मला सरळ लिहायला जमत नाहीये.

नदी चढतेय. तुमच्या अंगणातल्या कडू संत्र्यांचा सडा पडलाय, कुणी उचलत नाही. तुझा कुत्रा मला अजून ओळखतो, म्हणजे त्या घरातलं एक माणूस तरी. आणि तोमासामावशी गरम चिपा-पाव घेऊन पंपघरावर येत नाही. सकाळी तिची टोपली आली नाही की पोरं सुनी सुनी बसतात. ती का येत नाही ते पुढे येईलच.

तू एकदा विचारलं होतंस, "म्हणजे तू दिवसभर नक्की करतोस काय?" तेव्हा मी ऐटीत काहीतरी बोललो. खरं तर साधं काम आहे. पावसाचं पाणी नदीत उपसून टाकणारं पंपघर पालिकेचं, चालवते आमची कंपनी. करारात लिहिलंय की तिथला एक भाग, पाण्याची एक पातळी, संगणकातला एक आकडासुद्धा परवानगीशिवाय बदलायचा नाही. आधी अर्ज, त्याला क्रमांक, कारण, मग पालिकेच्या ओवेलारबाईंची सही. त्यानंतर बदल, आणि बदलाची नोंद. क्रमांक ओळीने चालले पाहिजेत. अर्ज रद्द झाला तरी क्रमांक गाळायचा नाही, "रद्द" लिहून कारण द्यायचं. ही ओळ सांभाळायला मी. पोरं मला नंबरवाला म्हणतात. पंप सांभाळणारे तुझे वडील म्हणायचे, "या, अर्धे इंजिनिअर. उरलेलं अर्धं आसुन्सिओनला विसरलात वाटतं?" सगळे हसायचे, मीही हसायचो. उरलेलं अर्धं मी तुझ्यापायी टाकून आलो हे त्यांना माहीत होतं. मी इथे रुळतो न रुळतो तोच तू त्याच आसुन्सिओनला नर्सिंगला निघून गेलीस, हेही.

त्या ओळीत एक भोक होतं. सत्तेचाळीस. फेब्रुवारीत एका दुपारी तू वडिलांसाठी सूपचं पातेलं घेऊन आलीस आणि माझ्या टेबलाशी उभी राहिलीस. मी सेहेचाळीस लिहिला होता. तू गेल्यावर अठ्ठेचाळीस लिहिला. दोन दिवसांनी लक्षात आलं. "रद्द" लिहायचं तर कारणाच्या रकान्यात काय लिहिणार होतो? तसंच सोडून दिलं.

आता मुद्द्यावर येतो.

त्याच आठवड्यात तिसऱ्या पंपाचं बेअरिंग तापायला लागलं. पंप असा हादरायचा की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडायचं. नवं बेअरिंग ब्राझीलहून यायचं होतं. तोवर पंप जळू नये म्हणून तुझ्या वडिलांनी तो सुरू व्हायची पातळी वर नेली. हौदात गुडघाभर पाणी झालं की सुरू होणारा पंप कमरेएवढं झाल्यावर सुरू व्हावा, अशी. पंधरा दिवसांसाठीच. अर्ज केला नाही, कारण हमीच्या मुदतीत बेअरिंग गेलंच कसं, असं बाईंनी विचारलं असतं. बेअरिंग आलं, बसलं. पातळी खाली आणायची राहून गेली. बदल कागदावर नव्हताच, त्यामुळे तो परत फिरवायची आठवण करून देणारं कुणी नव्हतं. मीसुद्धा दर महिन्याला कागद कागदाशी ताडून पाहत होतो. यंत्राशी नाही.

मेच्या पावसात दोन पंप चालत राहिले आणि तिसरा कमरेएवढ्या पाण्याची वाट बघत बसला. तेवढ्यात खालच्या गल्लीत पाणी शिरलं. कुणी दगावलं नाही. पण तोमासामावशीची पाव भाजायची भट्टी मातीची. सकाळी मी गेलो तर भट्टीच्या जागी चिखलाचा ढीग आणि त्यावर ती बसलेली. म्हणाली, "नंबरवाल्या, तुमचे पंप आंघोळीला गेले होते काय रे?" मी म्हणालो, "पंप ठीक आहेत मावशी, पाऊसच फार झाला." तेव्हा मला तेच खरं वाटत होतं.

मग पालिकेचं पत्र आलं. बुधवारी ओवेलारबाई यंत्रातले आकडे आणि बदलांची यादी समोरासमोर ठेवून तपासणार. आणि त्याआधीच्या रविवारी तुझ्या वडिलांनी मला जेवायला बोलावलं. पहिल्यांदाच. खुर्ची त्यांनी स्वतः ओढून दिली, मका-चीजच्या गोळ्यांचं सूप वाढलं, अर्धे इंजिनिअर म्हणाले नाहीत. "एलिहियो" म्हणाले. सगळं सांगितलं, बेअरिंगपासून. मग म्हणाले, "तुझ्या यादीत एक जागा रिकामी आहे."

मी चमचा खाली ठेवला.

"का रिकामी आहे तेही मला माहीत आहे. मी त्या दिवशी तिथेच होतो, बाबा. आंधळा नाही. माझ्या पोरीपायी चुकलास, आता माझ्यापायी दुरुस्त कर."

अर्ज तयार होता, फक्त क्रमांक, तारीख आणि माझी नोंद भरायची होती. तातडीचा बदल आधी करून कागद नंतर बाईंच्या टेबलावर ठेवता येतो. तसा ठेवला होता, त्यांच्याकडूनच हरवला, असं म्हणायचं.

"म्हणजे बाईंवर येणार," मी म्हणालो.

"बाई सरकारी आहेत. त्यांना कोण हात लावतंय? मला मात्र चोपन्नाव्या वर्षी कोण कामावर ठेवेल, सांग." मग म्हणाले, "आसुन्सिओनच्या ऑफिसात एक जागा निघतेय. मी शब्द टाकतो. तू तिथे, निमिया तिथे. तिच्याशीही मी बोलेन. माझं ऐकते ती."

तुला न विचारता तुझं नाव त्यांनी टेबलावर ठेवलं. आणि मी उचललं, निमिया. हेच मी आतापर्यंत लिहायचं टाळत होतो. खोलीवर जाऊन तो कागद मी भरला. सत्तेचाळीस, फेब्रुवारीची तारीख, खाली माझी सही. शीळ घालत होतो मी.

सोमवारी संध्याकाळी कागद द्यायला तुमच्याकडे गेलो. दार तुझ्या आईने उघडलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. हसून म्हणाली, "ये रे. बातमी कळली का? गास्पारचे आईवडील पुढच्या महिन्यात येतायत, निमियासाठी. चांगला मुलगा आहे, तिच्याच हॉस्पिटलात. तुला तिने सांगितलंच असेल." आतून वडिलांचा आवाज आला, "कोण आहे गं?" मी पायऱ्या उतरलो आणि सरळ ओवेलारबाईंच्या घरी गेलो.

त्यांनी दारातच कागद वाचला. "हा तू भरलास?"

"हो."

"कधी?"

"काल."

"मग माझ्याकडे का आणलास?"

"तोमासामावशीच्या भट्टीमुळे," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मला भट्टी आठवतही नव्हती. तुझी आई बोलली नसती तर मी तो कागद तुझ्या वडिलांच्या हातात दिला असता का? रोज विचार करतो. कधी वाटतं, दारातून परतलोच असतो. कधी वाटतं, मी आत्ता बॅग भरत असतो, आणि बाई खोट्यात अडकल्या असत्या, आणि तिसरा पंप अजून झोपलेला असता. मला कळत नाही. तुला कळलं तर मला सांगू नको.

बुधवारी पातळी खाली आणली. काल नदी चढली तेव्हा तिसरा पंप वेळेवर सुरू झाला, खालची गल्ली कोरडी आहे. खोट्या कागदावर सही केल्याबद्दल मला तर कंपनीने काढलंय, ते बरोबरच आहे. महिनाअखेरपर्यंत यादी दुसऱ्याच्या हवाली करायची, मग मी मोकळा. पंपघरात दुपारी थंडगार तेरेरे-चहाचा पेला फिरतो तो माझ्यापाशी थांबत नाही, माझ्यासमोरून पुढच्याच्या हातात जातो. कुणी शिवी देत नाही. शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. तेवढं जमतं मला.

तुझे वडील दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसतात. काल मी फाटकाशी गेलो. ते म्हणाले, "पोरीच्या रागाने केलंस ना?" मी फाटकाची कडी चाळवत राहिलो. ते म्हणाले, "मग निदान तिला तसं लिही. मी चोर होतो म्हणून केलं, असं लिहू नको."

ते चोर नाहीत, निमिया. पंधरा दिवस म्हणाले होते ते खरंच पंधरा दिवसच समजत होते. चौकशीतही मी हेच सांगणार आहे.

तू ये. माझ्यासाठी नाही. ते तुझ्या आईशीसुद्धा धड बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतील. मी गावात असताना यावंसं वाटत नसेल तर महिनाअखेरच्या शनिवारच्या बसने ये. तू ज्या बसमधून उतरशील, ती परत फिरेल तेव्हा मी तिच्यात असेन. बोलायला लागणार नाही. मी मागच्या दाराने चढेन.

तुझ्या वडिलांविरुद्ध ज्याची साक्ष आहे, आणि जो त्यांच्याच बाजूने बोलणार आहे, तो
एलिहियो